रान आणि निर्जन : सातारा-सांगलीवरून गेलेल्या एका हवाई वाटेचा इतिहास

सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील एखाद्या घरी जाऊन ‘दादा कुठे आहेत?’ असे विचारावे आणि ‘रानात गेल्यात’ असे उत्तर यावे, तर विचारणारा निश्चिंत होतो. दादा शेतावर आहेत आणि दिवस मावळायला परत येतील, एवढाच त्या उत्तराचा अर्थ. काळे रान, माळरान, पाण्याखालचे रान, रान तापणे, रान पडीक टाकणे हे सारे प्रयोग शेतीचे आहेत. त्याच वेळी रानडुक्कर, रानमेवा, रानवाट या शब्दांतील रान जंगलाचे आहे. संस्कृत ‘अरण्य’ या शब्दापासून प्राकृतातून आपल्याकडे आलेल्या या शब्दाने आमच्या भागात नांगरलेली जमीन आणि न नांगरलेली जमीन यांच्यामध्ये बांध घातलेला नाही. दोन्ही ठिकाणी माणसाची ये-जा आहे, हे तो शब्द गृहीत धरतो.

इंग्रजीतील ‘वाइल्डरनेस’ हा शब्द नेमके याच्या उलट गृहीत धरतो. जेथे माणूस राहत नाही, जेथे तो आलाच तर पाहुणा म्हणून किंवा संकटात सापडलेला म्हणून येतो, ती जागा म्हणजे वाइल्डरनेस. भाषांतराच्या तासाला या शब्दाला प्रतिशब्द शोधताना विद्यार्थी अडखळतात. ‘निर्जन अरण्य’ म्हणावे तर ते पौराणिक वाटते, ‘वैराण प्रदेश’ म्हणावे तर झाडी नाहीशी होते, आणि ‘रान’ म्हणावे तर आमच्या विद्यार्थ्यांना घरची विहीर आणि गोठा आठवतो.

हा शब्दभेद केवळ कोशापुरता नाही, तो कधी कधी जिवावर बेततो. छोट्या विमानांच्या वैमानिकांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकांमध्ये ‘वाइल्डरनेस’मध्ये उतरावे लागल्यास जिवंत कसे राहावे, यावर हमखास एक प्रकरण असते. आडवाटेचे उड्डाण, म्हणजे पक्की धावपट्टी, मनोरे आणि दिवे यांपासून दूर, डोंगर आणि माळ यांवरून केलेले उड्डाण, ही आज अलास्का किंवा आयडाहो येथील गोष्ट वाटते. परंतु १९३२ साली सातारा-सांगलीवरचे आकाश हे असेच आडवाटेचे आकाश होते. त्या आकाशाचा, आणि त्याहून अधिक त्याच्याखालच्या रानाचा, इतिहास येथे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

नकाशावरची सरळ रेघ

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून पस मॉथ जातीचे छोटे विमान उडवले. त्यात सुमारे २५ किलो टपाल होते. अहमदाबादला बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतील पेट्रोल भरून ते दुपारी मुंबईत जुहूला उतरले. तेथून पुढचे टपाल घेऊन नेव्हिल व्हिन्सेंट बेल्लारीला गेले, आणि दुसऱ्या दिवशी मद्रासला पोहोचले. भारतीय नागरी विमानवाहतुकीच्या इतिहासात हा प्रसंग सर्वत्र सांगितला जातो. मात्र बहुतेक कथनांत मुंबई ते बेल्लारी हा टप्पा एका वाक्यात संपतो. आम्हांला त्या एका वाक्याखाली दडलेल्या मुलखाविषयी बोलायचे आहे.

मुंबई आणि बेल्लारी यांच्यामध्ये नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती तोरण्याच्या आसपास सह्याद्रीची मुख्य धार ओलांडते, वाईच्या ईशान्येकडून सातारा जिल्ह्यात शिरते, कोरेगाव आणि वडूज यांच्या परिसरातून खानापूरवर येते, आणि जतला डावीकडे ठेवून कर्नाटकात उतरते. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, म्हणून टाटांची विमाने त्या महिन्यांत पुण्याहून उडत. पुणे ते बेल्लारी ही रेघ तर फलटण, दहिवडी, आटपाडी आणि जत यांच्या जवळून, म्हणजे जवळजवळ संपूर्ण माणदेशावरून जाते. हवामान आणि खुणा पाहून वैमानिक या रेघेच्या डावी-उजवीकडे सरकत असणार हे उघड आहे. परंतु कोणतीही वाट घेतली तरी हा मुलूख टाळता येत नव्हता.

विमान कसे होते? पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड चढवलेले, लाकडी पंखांचे, सुमारे १२० अश्वशक्तीच्या एकाच इंजिनाचे. त्यात रेडिओ नव्हता. दिशा दाखवायला होकायंत्र, मांडीवर नकाशा, आणि खाली जे दिसेल ते. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची पुण्याहून मिरजेला आणि पुढे हुबळी-गदगवरून बेल्लारीकडे जाणारी मीटरगेज ही या बाजूची सर्वांत भरवशाची खूण होती. कृष्णा, येरळा आणि माण या नद्या ही दुसरी. याच जातीच्या विमानांचे पंख अस्थिर हवेत निखळून १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत जगभरात अनेक अपघात झाले आणि पुढे पंखाच्या आधारदांडीला जादा टेकू देऊन तो दोष काढावा लागला, हे लक्षात घेतले म्हणजे घाटमाथ्यावरच्या खळबळत्या हवेतून असे विमान नेणे म्हणजे काय, याची कल्पना येते.

पहिल्या वर्षात या सेवेने सुमारे १,६०,००० मैलांचे उड्डाण केले आणि एकदाही टपाल चुकवले नाही. नागरी विमानवाहतूक खात्याच्या १९३३-३४ च्या अहवालात या वक्तशीरपणाचे कौतुक करताना पश्चिम घाटावरील पावसाळी वादळांचा मुद्दाम उल्लेख आहे. सरकारी अहवालाला दखल घ्यावी लागली तो धोका आमच्या डोंगरांचा होता.

दोन मुलूख, दोन धोके

महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून सुमारे शंभर किलोमीटरवर दहिवडीकडे तो पाचशेच्या आसपास येतो. जमिनीवरच्या माणसाला हा फरक पिकांतून आणि घरांच्या छपरांतून कळतो. वैमानिकाला तो हवेतून कळतो. पावसाळ्यात अरबी समुद्राकडून येणारा वारा सह्याद्रीच्या कड्याला धडकून वर उचलला जातो आणि माथा ओलांडल्यावर पूर्वेच्या उतारावर खाली कोसळतो. पूर्वेकडून डोंगराकडे येणारे छोटे विमान नेमके या खाली कोसळणाऱ्या हवेत सापडते. इंजिन पूर्ण जोराने चालू असतानाही उंची घटत जाते आणि समोर डोंगर वाढत जातो. म्हणून डोंगरातल्या उड्डाणाचे पहिले शहाणपण असे की धार समोरासमोर ओलांडू नये, तिरके यावे, म्हणजे उंची पुरली नाही तर थोडक्यात वळून माघारी फिरता येते. दुसरे असे की खोऱ्याच्या मधोमध न उडता एका कडेने उडावे, म्हणजे वळायला पूर्ण रुंदी मिळते. तिसरे, ज्या खोऱ्याचे दुसरे तोंड ठाऊक नाही त्यात शिरू नये. कोयनेचे खोरे महाबळेश्वरापासून हेळवाकपर्यंत दक्षिणेकडे जाते आणि मग एकाएकी पूर्वेला कराडकडे वळते. ढग खाली उतरलेले असताना हे वळण न कळणे म्हणजे काय, हे सांगायला नको. सह्याद्रीने मोठ्या विमानांचीही गय केलेली नाही. जुलै १९६२ मध्ये अलितालियाचे जेट विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळून ९४ जण मृत्युमुखी पडले; ऑगस्ट १९७९ मध्ये पुण्याहून मुंबईला जाणारे इंडियन एअरलाइन्सचे विमान पनवेलजवळच्या डोंगरावर कोसळून ४५ जण गेले.

घाटमाथ्यावर वरून सपाट दिसणारे सडे असतात. पाटण तालुक्यातले सडे, कासचे पठार, पाचगणीचे टेबललँड ही सारी त्याच कुळातली. दुरून पाहणाऱ्याला ती निसर्गाने तयार ठेवलेली धावपट्टी वाटेल. प्रत्यक्षात जांभ्याचा तो कातळ खडबडीत, भेगाळलेला असतो आणि पावसाळ्यात धुक्याखाली दडलेला असतो.

माणदेशाची गोष्ट वेगळी. एका इंजिनाचे छोटे विमान जमिनीपासून एक हजार मीटर उंचीवर असताना इंजिन बंद पडले, तर ते साधारणपणे आठ-नऊ किलोमीटर तरंगत जाऊ शकते. तेवढ्या वर्तुळात उतरण्याजोगी जागा निवडायला वैमानिकाजवळ जेमतेम पाच-सहा मिनिटे असतात. माणदेशात अशा वर्तुळात माळ सापडण्याची शक्यता बरीच. परंतु कोणता माळ? वारा कोणत्या दिशेचा आहे हे धुरावरून किंवा धुळीवरून ओळखायचे आणि वाऱ्याला तोंड देऊन उतरायचे. उभ्या पिकापेक्षा काढलेले रान बरे. नांगरट असेल तर तासांच्या दिशेने उतरायचे, आडवे उतरल्यास चाक तासात अडकून विमान नाकावर उभे राहते. ओघळ आणि ताली वरून दिसत नाहीत, त्यांच्या सावल्या दिसतात, म्हणून सकाळी किंवा संध्याकाळी जमीन अधिक खरी वाचता येते.

हे वाचताना आमच्या मनात आले की हे सारे ज्ञान शेतकऱ्याच्या भाषेत आधीच होते. काळ्या रानात पावसानंतर चाक रुतते आणि वाफसा आला की रान पाय धरत नाही, हे औत चालवणाऱ्याला वैमानिकाच्या पुस्तकाआधी ठाऊक होते. मुरमाड, बरड, चिबड, खडकाळ, पडीक, ताल, बांध, ओघळ, पांद हे शब्द म्हणजे छोट्या विमानासाठी केलेले जमिनीचे वर्गीकरणच म्हणावे लागेल. ऑक्टोबरच्या मध्यात हस्ताच्या पावसावर पेरलेला शाळू नुकता वर आलेला असतो, जमीन ओलसर पण मोकळी असते. फेब्रुवारी-मार्चनंतर शाळू निघतो आणि रानात सड उरतात. वर्षाच्या कोणत्या पंधरवड्यात कोठे उतरता येईल, याचे पंचांग खालच्या माणसाच्या डोक्यात तयार होते. वर उडणाऱ्याला मात्र ते हाती नव्हते.

खिशातली चिठ्ठी

विमानाने नीट टेकल्यावर किंवा आपटल्यावर जे सुरू होते त्याविषयी मार्गदर्शिका मुख्यतः चार गोष्टी सांगतात : आधी जखमा, मग आडोसा, मग पाणी, सर्वांत शेवटी अन्न. माणूस आडोशाशिवाय विपरीत हवेत काही तास, पाण्याशिवाय सुमारे तीन दिवस आणि अन्नाशिवाय तीन आठवडे तग धरू शकतो, असा ठोकताळा त्यात असतो. विमान सोडून जाऊ नका, हाही सल्ला असतो, कारण शोधणाऱ्यांना माणसापेक्षा विमान लवकर दिसते.

परंतु जगलेल्यांच्या कथा पाहिल्या तर त्यांत आणखी एक गोष्ट सतत आढळते, आणि ती मार्गदर्शिकेत क्वचितच लिहिलेली असते. जून १९३० मध्ये आंदीज पर्वतात विमान टाकावे लागलेला फ्रेंच टपाल वैमानिक आंरी गियोमे बर्फातून पाच दिवस चालला. त्याला शेवटी सापडली ती डोंगरात राहणारी शेतकरी माणसे. ३० डिसेंबर १९३५ रोजी आंत्वान द सेंत-एक्झ्युपेरी आणि त्याचा यांत्रिक सोबती लिबियाच्या वाळवंटात कोसळले. पाण्यावाचून मरणाच्या दारात असताना त्यांना वाचवले ते उंटावरून जाणाऱ्या एका बदाउनी माणसाने. या दोन्ही घटना सेंत-एक्झ्युपेरीने १९३९ च्या ज्या पुस्तकात लिहिल्या, त्याचे फ्रेंच नाव ‘माणसांची भूमी’ असे आहे. इंग्रजी अनुवादात ते ‘वारा, वाळू आणि तारे’ झाले. साहित्याच्या विद्यार्थ्याने या नामांतरावर विचार करावा. फ्रेंच शीर्षकात जो मुख्य शब्द होता तो माणूसच इंग्रजीत गळाला आणि उरले ते वाइल्डरनेस.

साम्राज्याच्या लष्कराला मात्र हे चांगले कळत होते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात आणि नंतर वायव्य सरहद्दीवर उडणारे ब्रिटिश वैमानिक खिशात एक छापील चिठ्ठी बाळगत. या माणसाला इजा न करता परत पोहोचवल्यास बक्षीस मिळेल, असा मजकूर त्यावर स्थानिक भाषांत असे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर अशा चिठ्ठ्या अनेक भाषांत छापल्या गेल्या. वाङ्मयप्रकार म्हणून पाहिले तर ही चिठ्ठी विलक्षण आहे. आकाशातला सर्वांत बलवान माणूस जमिनीवर येताच निरक्षर होतो. खालच्या माणसाची भाषा त्याला बोलता येत नाही, म्हणून ती तो कागदावर शिवून आणतो. ऑगस्ट १९४३ मध्ये चीनकडे जाणारे एक मालवाहू विमान पटकाईच्या डोंगरांत निकामी झाले तेव्हा त्यातून उड्या टाकलेल्या वीस जणांचा जीव वाचला. त्यांत एरिक सेव्हरीड हा अमेरिकन पत्रकार होता. ते लोक नागांच्या एका गावाजवळ उतरले होते, आणि सरकारी अधिकारी त्यांना न्यायला येईपर्यंत तेथेच राहिले. विमानाच्या नकाशावर तो भाग निर्जन होता, प्रत्यक्षात तेथे घरे होती, शेती होती, वाटा होत्या.

या आघाडीशी आमच्या जिल्ह्यांचे नाते जवळचे आहे. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधील सांगशाकच्या लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. या रेजिमेंटची भरती ज्या भागांतून होई त्यांत सातारा पूर्वीपासून अग्रभागी. तेथे वेढ्यात अडकलेल्या सैन्याला विमानांतून रसद टाकली जात होती आणि जागा इतकी अरुंद होती की पुष्कळशी रसद जपानी सैन्याच्या हाती पडली. त्याच महिन्यांत ब्रह्मदेशातील जंगलांत तीनशे मीटरांच्या आसपासच्या मोकळ्या पट्ट्यांवर छोटी एल-५ विमाने उतरवून जखमींना बाहेर काढले जात होते. आडवाटेच्या उड्डाणाची आजची बरीचशी विद्या या युद्धात घडली. मराठी माणूस त्या इतिहासात वैमानिकाच्या जागी क्वचित दिसतो. तो खाली आहे, डोके वर करून आवाजाची वाट पाहतो आहे.

त्याच काळात, त्याच रानात

याच वर्षांत सातारा-सांगलीच्या रानात जगून राहण्याचा दुसराच एक इतिहास घडत होता. त्या वेळी हा सारा भाग सातारा जिल्हा आणि काही संस्थाने यांत विभागलेला होता. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रतिसरकारने येथे समांतर कारभार चालवला. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ तुफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी लुटली. ही तीच रेल्वे, जिचा आधार घेऊन दहा वर्षांपूर्वीपासून वैमानिक वाट काढत होते.

भूमिगतांच्या चरितार्थात वाइल्डरनेस शोधून सापडत नाही. ते उसाच्या फडात, वस्तीवरच्या गोठ्यात, वारणेच्या खोऱ्यातल्या झाडीत राहिले, आणि तगले ते कोणाच्या तरी घरच्या भाकरीवर. पोलिसांना जे रान दुर्गम वाटे ते त्यांना घरासारखे होते, कारण त्यात माणसे होती. अण्णा भाऊ साठे यांच्या वारणेकाठच्या कथांमधील माणसे डोंगरात पळतात तेव्हा ती समाजाबाहेर जात नाहीत, समाजाच्या दुसऱ्या दाराने आत येतात. इंग्रजीतील साहसकथांशी तुलना करताना हा फरक वर्गात दाखवून देण्याजोगा आहे.

दुसऱ्या बाजूला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आठवते. माडगूळ हे आटपाडी तालुक्यातले गाव; पुणे-बेल्लारी रेघेपासून फार दूर नाही. त्या कादंबरीच्या शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होते. आजवर आपण हा शेवट धनगरांच्या जीवनाची शोकांतिका म्हणून वाचला आणि ते योग्यच आहे. परंतु आमच्या विषयाच्या अंगाने वाचले तर ‘रान’ हा शब्द आपला एक अर्थ कसा गमावतो, याची ती नोंद आहे. माणसे गेली की माळ तोच राहतो, पण तो निर्जन होतो.

आज वरून काय दिसते

१९५० च्या दशकात कोयना प्रकल्पाच्या निमित्ताने कराडला धावपट्टी झाली. सांगलीजवळ कवलापूरची जुनी धावपट्टी आहे, पण तेथे आता विमाने उतरत नाहीत. कराडच्या विमानतळाच्या विस्तारासाठी जमीन घेण्याला शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला की विमान उतरते ते कोणाच्या रानात. या प्रश्नाला एकच एक उत्तर आहे असे आम्ही म्हणणार नाही. छोट्या विमानांच्या प्रशिक्षणाला अशा धावपट्ट्या लागतात, आणि बागायती जमीन गेलेल्या कुटुंबाला नुकसानभरपाईच्या रकमेतून तशी जमीन पुन्हा मिळत नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

खालचा मुलूखही बदलला. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी जसजसे पोहोचले तसतसा माणदेशाच्या आणि जतच्या काही भागांत शाळूच्या जागी ऊस आला. दुष्काळी भागासाठी हे फार मोठे सुख आहे. वैमानिकाच्या दृष्टीने मात्र तीन-चार मीटर उंचीचा ऊस आणि त्यावरून गेलेल्या विजेच्या तारा यांनी जुने उतरण्याचे पंचांग रद्द केले आहे. वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या सड्यांवर, तसेच सांगलीच्या पूर्व भागातील माळांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. ज्या वाऱ्याने पस मॉथला झोडपले तोच वारा आता वीज देतो, आणि खाली उडणाऱ्याच्या वाटेत अडथळाही होतो.

सर्वांत मोठा बदल पश्चिमेकडे झाला. कोयनेच्या शिवसागर जलाशयाने खोऱ्यातील गावे उठवली. पुढे कोयना आणि चांदोली ही अभयारण्ये झाली, चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि जानेवारी २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. वनातील अनेक वाड्या दूरवर पुनर्वसित झाल्या. वाघासाठी निवांत जागा हवी, हे आम्हांला मान्य आहे. परंतु कोणता झरा उन्हाळ्यात टिकतो, कोणत्या पांदीने रात्री खाली उतरता येते, कोणती फळे खावीत आणि कोणती खाऊ नयेत, हे ज्यांना ठाऊक होते ती माणसे आज त्या रानात नाहीत. १९३२ साली त्या डोंगरात एखादे विमान उतरले असते तर वैमानिकाला संध्याकाळपर्यंत धनगरवाड्यावरचे ताक मिळाले असते. आज त्याच जागी उतरणाऱ्याला खरोखरच मार्गदर्शिकेतील ते प्रकरण उघडावे लागेल.

त्याच्याजवळ साधने अर्थातच अधिक असतील. आपटताच ४०६ मेगाहर्ट्झवर आपोआप हाक देणारे यंत्र विमानात असते आणि ती हाक उपग्रह ऐकतो. मे २०१९ मध्ये मुंबईच्या आरोही पंडितने सुमारे चारशे किलो वजनाच्या विमानातून स्कॉटलंडहून आइसलंड, ग्रीनलंडमार्गे कॅनडापर्यंत एकटीने अटलांटिक ओलांडला. ग्रीनलंडच्या हिमपठारावर शेकडो किलोमीटर वस्ती नाही. वाइल्डरनेस हा शब्द तेथे शोभतो. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी तिनेच टाटांच्या पहिल्या उड्डाणाच्या स्मरणार्थ भुज ते जुहू असा प्रवास केला. त्यापूर्वी १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, टाटांनी स्वतः कराची ते मुंबई पुन्हा उडून दाखवले होते. ही स्मरणयात्रा दोन्ही वेळा मुंबईत थांबली, हे आमच्या भागातील वाचकांनी लक्षात घ्यावे. त्यापुढचा टप्पा, तोरण्यावरून जतपर्यंतचा, अद्याप स्मरणाच्या बाहेर आहे.

साहित्याच्या अभ्यासकांचे काम

विमानाचा इतिहास लिहिणारे वरच्या माणसाचे नाव, तारीख आणि मैल नोंदवतात. ते आवश्यकच आहे. पण त्या मैलांखाली ज्यांची शिवारे होती त्यांच्याकडे या इतिहासाची दुसरी बाजू आहे आणि ती भाषेत साठवलेली आहे. जमिनीच्या पोतांची, वाऱ्यांची, ढगांची, ओघळांची, पाणवठ्यांची नावे हा तिचा दप्तरखाना आहे. प्रमाण मराठीच्या कोशांत ही नावे अर्थाच्या एका ओळीत येतात. वापरणाऱ्याला त्यामागे वर्षाचा कोणता पंधरवडा आणि डोंगराची कोणती बाजू अभिप्रेत आहे, ते कोश सांगत नाही. दहिवडीपासून जतपर्यंत आणि हेळवाकपासून चांदोलीपर्यंत असे शब्द गोळा करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज झेपणारे काम आहे. पुनर्वसित गावांतील वडीलधारी माणसे अजून आहेत. त्यांना विचारताना ‘जंगलात कसे राहत होता?’ असे न विचारता ‘रानात काय काय होते?’ असे विचारावे, म्हणजे उत्तरे वेगळी येतील.

‘वाइल्डरनेस’ला मराठीत चपखल प्रतिशब्द नाही, ही उणीव आहे असे आम्हांला पूर्वी वाटत असे. या वाटेचा इतिहास पाहिल्यावर ती या मुलखाची सुदैवी खूण वाटते. जोवर ‘रानात गेल्यात’ या उत्तराने कोणी घाबरत नाही, तोवर येथे चुकून उतरलेल्या माणसाला कोणी तरी भेटेल. ते उत्तर ऐकून ज्या दिवशी काळजी वाटू लागेल त्या दिवशी तो प्रतिशब्द आपल्याला मिळालेला असेल, आणि तो ‘रान’ हाच असेल.